साफ करून दिलेलं पुस्तक

आमच्या नौपाड्यातल्या रद्दीवाल्या भाईंचा फोन नेहमी भर दुपारी येतो. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं आणि त्यांना गठ्ठे सोडायला सवड असते. "ताई, तुमचा फास्टर आलाय. संध्याकाळी येऊन जा." पूर्ण नाव, म्हणजे भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला फास्टर फेणे, ते कधी घेत नाहीत. त्यांच्या हिशेबी पुस्तकांचे तीनच प्रकार : गाइडं, दिवाळी अंक आणि माझा फास्टर. बाकी सगळं वजनावर. त्या दिवशीही असाच फोन आला आणि ऑफिस सुटल्यावर मी घरी न जाता परस्पर दुकानात गेले. भाईंनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून गल्ल्यामागे जपून ठेवलं होतं. उघडलं, तर आत पुस्तक चकाचक. पहिल्या पानावरचा वाचनालयाचा शिक्का ब्लेडने खरवडलेला, इतक्या हलक्या हाताने की कागदाला भोक पडलं नव्हतं, नुसता एक पांढुरका केसाळ डाग उरला होता. शेवटच्या पुठ्ठ्यावरची मुदतचिठ्ठी ओल्या फडक्याने भिजवून सोललेली. खाकी कव्हर गायब. पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसलेल्या, आणि पानापानात खोडरबराची भुकटी. "लायब्ररीचा माल होता ताई, फार घाण होती. तासभर बसून साफ केलं तुमच्यासाठी," भाई म्हणाले आणि ठरल्यापेक्षा वीस रुपये जास्त मागितले, तेही जरा संकोचतच.

मी वीस रुपये दिले. मग विचारलं, कव्हर कुठे टाकलंत? त्यांनी दुकानाच्या मागे हात केला. तिथली गोणी सकाळीच गेली होती. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेऊन पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिलं आणि खरोखरच न कळून विचारलं, "पुस्तक तर तेच आहे ना?"

रागावणार कुणावर? माणसाने माझ्यासाठी तासभर खर्ची घातला होता. पण घरी येऊन चहा झाला, कुकर झाला, तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुस्तक तेच होतं. शब्द न् शब्द तोच. फुरसुंगीचा तोच किडकिडीत पोरगा, तीच सायकल, तीच विद्याभवन शाळा.

लोकांना मी सांगते की मी फास्टर फेणे जमवते. तसं सांगणं सोपं पडतं. पण नुसती पुस्तकंच हवी असती तर प्रश्न कधीच मिटला असता. उत्कर्ष प्रकाशनाचा वीस पुस्तकांचा संच दुकानात जाऊन आणता येतो, माझ्याकडे तो आहेही, आणि वाचायची हुक्की आली की मी तोच घेऊन बसते. जुन्या प्रती मी वाचत नाही. त्या मी बघते. त्यांना काय काय चिकटलंय ते बघते. कुणाच्या मुंजीत आलेलं पुस्तक असेल तर त्यावर 'चि.' आणि 'सप्रेम भेट' असतं आणि खाली एखाद्या आत्याची लफ्फेदार सही. शाळेच्या बक्षिसाचं असेल तर छापील पट्टी, तिच्यात हाताने भरलेली इयत्ता आणि 'हस्ताक्षर स्पर्धा, द्वितीय', आणि मुख्याध्यापकांच्या सहीवर गोल शिक्का. आत खूण म्हणून ठेवलेलं काय काय निघतं. एसटीचं तिकीट, रामफळाचं वाळलेलं पान, लोकरीचा तुकडा, सहामाहीच्या भूगोलाची प्रश्नपत्रिका. एका पुस्तकात डॉक्टरांनी दिलेली कांजिण्यांची चिठ्ठी होती, म्हणजे ते पोर दहा-पंधरा दिवस घरी पडून होतं आणि त्याच्या उशाशी फेणे होता. हे सगळं पुस्तकात छापलेलं नाही, आणि कुठल्याही आवृत्तीत पुन्हा मिळायचं नाही.

मुदतचिठ्ठीबद्दल तर मी तासभर बोलू शकते. घरातली माणसं त्यामुळे तो विषय निघू देत नाहीत. ज्यांनी वाचनालयातून पुस्तकं आणलेली नाहीत त्यांच्यासाठी एवढंच, की पुस्तक परत करायच्या तारखेचा रबरी शिक्का मारायचा तो उभा कागद. एक नीट भरलेली चिठ्ठी समोर धरली की एका पेठेतल्या मुलांचं वर्ष दिसतं. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात शिक्के सुरू होतात, मे महिन्यात तर एकावर एक चढतात, शाळा उघडली की विरळ होतात, गणपतीत जरा हालचाल, दिवाळीत पुन्हा गर्दी, आणि मार्चमध्ये सगळा शुकशुकाट. वर्षानुवर्षं तोच ताल. मग एक चिठ्ठी संपली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली, तिच्यावर तिसरी. वाफ देऊन त्या सुट्या करायच्या असतात, ओल्या फडक्याने नव्हे. आणि मग तिसऱ्या चिठ्ठीवर कुठेतरी मध्यातच शिक्के थांबतात. निम्मा कागद कोरा.

तो कोरा निम्मा भाग मला जास्त वेळ बघावासा वाटतो.

आमचं घर तेव्हा चरईत होतं. वाचनालय टेंभी नाक्याच्या बाजूला, एका खोलीचं, खासगी. डिपॉझिट ठेवायचं आणि महिन्याची वर्गणी. एका वेळी एक पुस्तक, आणि आज नेलेलं पुस्तक आज बदलून मिळणार नाही हा चालवणाऱ्या काकांचा कायदा. फेणेचं पुस्तक मला पुरायचं किती? वाचनालयातून निघून तलावपाळीच्या कठड्यावर बसलं तर दिवेलागणीपर्यंत निम्मं व्हायचं, आणि उरलेलं रात्री जेवताना, ताटाखाली दडवून. दुसऱ्या दिवशी काका शंकेने विचारायचे, "वाचलंस की पानं मोजलीस?" आणि मधलंच एखादं पान उघडून मला प्रश्न टाकायचे. आता वाटतं, त्या निमित्ताने त्यांचंही ते पान वाचून व्हायचं. पुण्याला मी पहिल्यांदा गेले ती आठवीत. त्याआधी माझ्या डोक्यात जे पुणं होतं ते सगळं फेणेच्या सायकलच्या सीटवरून पाहिलेलं. प्रत्यक्षातल्या पुण्यात एवढे चढ असतील असं भा. रा. भागवतांनी मला पुरेसं जाणवू दिलं नव्हतं. आणि फेणे जिभेने काढतो ते 'ट्टॉक'! वर्गातल्या सगळ्या मुलांना जमायचं. माझी जीभ टाळूला लागून नुसतं थुंकीचं फुर्र व्हायचं. मी ते गच्चीत जाऊन घोटवलं आहे.

फुरसुंगी हे नाव आता पेपरात कचरा डेपोच्या बातमीत वाचायला मिळतं. दरवेळी एक क्षण मला वाटतं, बनेश फेणेला कुणी सांगितलं असेल का हे.

भागवतांनी पुस्तकवेड्या मुलांसाठी एक वेगळा नायकही दिला होता, बिपिन बुकलवार. लहानपणी मी त्याच्या वाट्याला फारशी जात नसे. चोर पकडायचा सोडून पुस्तकात काय डोकं घालायचं, असा माझा तेव्हाचा बाणा. शिवाय भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्नही होता. 'चंद्रावर स्वारी' कपाटात दिसलं की फेणे बाजूला पडायचा. पन्नाशी ओलांडल्यावर आता मी पुरती बिपिनच्या गोटात गेलेय, आणि तेही वाचण्यापेक्षा हुंगण्यात जास्त.

हा छंद जो वाढला तो नौपाड्यातल्या इमारती पडायला लागल्यावर. ठाण्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तीन मजल्यांची, बिनलिफ्टची, दारात सोनचाफा असलेली सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते, सगळ्यांना एकाच महिन्यात घर रिकामं करायचं असतं, आणि मग माळ्यावरून जे खाली येतं त्याला भाड्याच्या दोन खोल्यांत जागा नसते. पितळेची भांडी मोडीत जातात. शिवणयंत्र कामवाल्या मावशींना. पुस्तकं रद्दीत. घरातली मुलं कोथरूडला नाहीतर न्यू जर्सीला, फोनवरून सांगतात, टाकून द्या. एकेका इमारतीतून तीन-तीन पिढ्यांचं वाचन दोन दिवसांत जिन्याने उतरतं आणि टेम्पोत भरलं जातं. मी अशा वेळी जिन्याखाली उभी असते. लोक मला ओळखायला लागलेत. काहींना माझा राग येतो, आणि मला तो समजतो. आपल्या घराची अशी आवराआवर चाललेली असताना कुणीतरी बाहेरचं माणूस पिशवी घेऊन ताटकळत उभं राहणं काही बरं दिसत नाही.

वाशीला सिडकोच्या जुन्या घरात एक काका-काकू होते. ओळखीतून निरोप आला म्हणून मी ट्रान्स-हार्बरने गेले. ते दोघं मुलाकडे राहायला जाणार होते. काकूंनी सगळं काढून ठेवलं होतं, फेणेची सात-आठ पुस्तकं, सगळ्यांना एकसारखी कॅलेंडरच्या जाड कागदाची कव्हरं, त्यावर मुलाच्या नावाची लेबलं. "न्या बाई सगळी. तुमच्याकडे निदान राहतील तरी." मी एकेक खाली ठेवत होते आणि काका शिडीजवळ उभे राहून त्यातलंच एक चाळत होते. आम्ही दोघींनी खोकं भरलं. दोरी बांधली. चहा झाला. काका अजून उभेच, पान उलटतायत. काकूंनी हाक मारली तसं ते म्हणाले, "थांब गं, आता हा अडकलाय तो सुटू दे." शेवटी ते एक पुस्तक सोडून बाकीची घेऊन मी निघाले. काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या की ही पुस्तकं मुलाची म्हणून आणली खरी, पण मुलाने फारशी वाचलीच नाहीत, त्याला क्रिकेट. लेबलांवरचं अक्षरही काकांचंच होतं.

पुस्तकावरच्या नावांचं असं असतं. आपण ज्याला मालक समजतो तो वाचक असेलच असं नाही. बहुतेक नावं मुलांची असतात, हे ओघानेच आलं. भावाच्या वाढदिवसाला फेणे आणि बहिणीला रंगपेटी. पण माझ्याकडच्या एका प्रतीवर मुलाचं नाव दोन रेघांनी खोडलंय आणि त्याच आडनावाखाली मुलीचं नाव घातलंय, ठळक, दोनदा गिरवून. त्याखाली ज्याचं नाव खोडलं त्याचा निषेध नाही, म्हणजे भावाने ते मान्य केलं असावं किंवा त्याच्या लक्षातच आलं नसावं. दुसऱ्या एका प्रतीवर आजोबांच्या वळणाच्या अक्षरात तो जुना श्लोक आहे, तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत्, तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, ढिल्या बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नका असं पुस्तक म्हणतं. त्याच पानावर तेलाचा बोटभर डाग आहे. चकलीचा असावा.

प्रत कुठल्या काळातली हे ओळखायचं मी हळूहळू शिकले. आवृत्तीचं पान असेल तर काही करावं लागत नाही. पण वाचनालयाच्या बाइंडरने पुस्तक कापून, जाड दोऱ्याने शिवून, रेक्झिनची पाठ लावताना पहिली पानं बहुधा उडवलेली असतात. मग शिक्के बघायचे. किमतीत 'न. पै.' असेल तर पुस्तक १९५७ नंतरचं आणि साधारण चौसष्टपर्यंतचं, कारण तोवरच पैसे नवे होते. पत्त्यात नुसतं 'पुणे ४' असेल तर एक काळ, आणि '४११ ००४' असेल तर पुढचा, कारण पिनकोड आला १९७२च्या स्वातंत्र्यदिनी. अर्थात जुने शिक्के आणि जुनी लेटरहेडं लोक संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या काटकसरी वाचनालयाने मला दहा वर्षांनी फसवलेलं असू शकतं. फोन नंबरचे आकडे मोजायचे. मलपृष्ठावर त्याच लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी असते, तीत कुठलं नाव नाही ते बघायचं. आणि शेवटी कागद. लाकडाच्या लगद्यातला लिग्निन काढलेला नसला की कागद उजेडाने पिवळा पडतो आणि आतल्या आम्लाने ठिसूळ होतो. चांगल्या काळातला, बऱ्या कागदावरचा फेणे आणि कागदटंचाईतला फेणे बोटांना वेगवेगळा लागतो. दुमडलेला कोपरा सरळ करायला जावं आणि तो कोपरा हातात यावा, असा.

ठाण्याच्या हवेत हे सगळं टिकवणं म्हणजे एक वेगळीच कटकट. जून लागला की पिना गंजतात, गंज कागदात उतरतो. कसर लागते. डांबरगोळ्यांनी नवऱ्याचं डोकं दुखतं. सेलोटेप लावलेली पानं म्हणजे तर कर्मच. टेप वाळून पडते आणि तिचा गोंद तपकिरी पट्टा होऊन शब्दांवर बसतो. बाकी ज्याला रस असेल त्याने मला भेटावं, इथे तो पाढा नको.

अलीकडे किमती वाढल्यात. मोबाइलवर कुणी कुणी जुन्या पुस्तकांचे फोटो टाकतात, लाकडी टेबलावर, शेजारी कॉफीचा मग, आणि खाली 'दुर्मिळ'. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात मालिका आली होती, सुमीत राघवनची, तिच्या आठवणीने कासावीस होणारी माझ्या वयाची माणसं आता पैसे बाळगून आहेत. २०१७ साली अमेय वाघचा सिनेमा आला, त्यात दिलीप प्रभावळकर भागवत झाले होते. तेव्हाही एक लाट आली. विकणारे म्हणतात 'क्लीन कॉपी'. नाव नाही, शिक्का नाही, रेघ नाही. तशा प्रतीला जास्त भाव. म्हणजे भाईंचा हिशेब बाजाराला धरूनच होता, वेडा हिशेब माझा आहे. मला कधीकधी शंकाही येते की हे वेड तरी कितपत खरं. कोऱ्या प्रती परवडत नाहीत म्हणून मी डागांवर प्रेम करायला शिकले की काय? समजा उद्या कुणी पहिल्या आवृत्तीची कोरी करकरीत प्रत समोर ठेवली, तर मी 'नको, हिच्यावर चकलीचा डाग नाही' असं म्हणेन? छे. झडप घालेन. पण ती आणून ठेवली की मग तिच्यात बघण्यासारखं काही उरणार नाही, हेही मला दिसतं.

आता त्या पानाबद्दल.

पातळ बालपुस्तकं पूर्वी बरीचशी मधोमध पिना मारून बांधलेली असत. अशा पुस्तकात पहिलं पान आणि शेवटचं पान हा एकच कागद असतो, मध्ये दुमडलेला. पहिलं पान फाटून गेलं की शेवटचंही पाठोपाठ सुटतं. त्यामुळे वाचनालयात फिरलेल्या कितीतरी पुस्तकांना सुरुवातही नसते आणि शेवटही. रहस्यकथेला सुरुवात नसली तर चालून जातं, मुलं अंदाजाने पुढे सरकतात. शेवट नसणं म्हणजे छळ. कोपरीतून आलेल्या एका गठ्ठ्यात मला अशी एक प्रत मिळाली. कुठली ते सांगत नाही. तिचं शेवटचं पान नव्हतं, आणि त्या जागी एकरेघी वहीचं पान खळीने चिकटवलेलं होतं. वर मध्यभागी पुढचा पृष्ठक्रमांक. डाव्या बाजूला समास. निळ्या-जांभळ्या शाईत, दौतीत बुडवून लिहिल्यासारखं, थोराचं, शिस्तीचं अक्षर. मला वाटलं, कुणीतरी दुसरी प्रत समोर ठेवून शेवट उतरवून काढलाय. असं करणारी माणसं असत. माझ्या आजोबांनी पोथीतली गळालेली ओवी अशीच भरली होती.

संचातलं पुस्तक काढून ताडून पाहिलं. पहिल्या सात-आठ ओळी बहुतेक जुळल्या, शब्दाला शब्द. मग एक वाक्य वेगळं. मग पुढचं. आणि तिथून तो शेवट भागवतांचा राहिलाच नव्हता. लिहिणाऱ्याने आठवेल तेवढं लिहिलं होतं आणि आठवेना तिथे न थांबता पुढे गेला होता. चोरांचं त्याने दोन ओळींत आटपलं, त्यात त्याला रस दिसत नव्हता. मग त्याने फेणेला एसटीत बसवलं, फुरसुंगीला आणलं, आणि आईच्या हातची पिठलं-भाकरी वाढली. शेजारी कांदा. फेणे जेवला, आईने विचारलं इतके दिवस कुठे होतास, आणि तो हसला. पानाची शेवटची ओळ भरेल इतपतच लिहिलं होतं, एक शब्दही समासाबाहेर नाही. मग खाली, तिरकं, पेन्सिलीने, दुसऱ्याच कुणा लहान मुलाच्या अक्षरात : 'हा शेवट खोटा आहे. मी खरा वाचलाय.'

त्या पानापुढे मी बराच वेळ बसले होते, आणि गंमत म्हणजे दोघांचंही मला पटत होतं. एका मुलाला शेवटाविना झोपू द्यायचं नाही म्हणून रात्री दिव्याखाली बसून पान लिहिणारा बाप, की आजोबा, की वाचनालयातलेच कुणी काका. आणि कुणीही काहीही वाढावं आणि आपण गप गिळावं हे नामंजूर असलेलं ते दुसरं पोर. वाचक म्हणून मी त्या पोराच्या बाजूची आहे. फेणेला कुणी पिठलं-भाकरीवर गुंडाळलेलं मलाही चाललं नसतं. पण विकायला काढली तर ही प्रत 'अपूर्ण' ठरेल, आणि साफ करायला दिली तर आधी पेन्सिलीची ओळ जाईल, मग पान.

१९५४च्या एका कायद्याने देशात छापलेल्या पुस्तकाच्या प्रती प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. मुंबईची प्रत जाते ती टाउन हॉलात. तेव्हा मजकुराची काळजी मी करण्याचं कारण नाही. त्या कायद्याला साजेशी प्रत म्हणजे कुणी हात न लावलेली, जी कधी कठड्यावर, कधी ताटाखाली गेली नाही. आणि ज्या गावात 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी १८९३ साली खास मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय काढलं, त्या ठाण्यात पुस्तक जपण्याबद्दल मी कुणाला शहाणपण शिकवणं बरं नव्हे. पण तिथल्या कपाटात जे राहतं ते पुस्तक. मुदतचिठ्ठी भरली की बदलायची असते. कव्हर फाटलं की नवं घालायचं असतं. ग्रंथपालाच्या दृष्टीने तेच योग्य काम, नाहीतर पुस्तक पुढच्या मुलाच्या हातात कसं जाणार? खरा घोळ इथेच आहे. हे डाग ज्या फिरण्यामुळे पडले ते फिरणं माझ्या घरी आलं की बंद होतं. माझ्याकडच्या एकाही चिठ्ठीवर माझ्यानंतरची तारीख पडणार नाही. परवा भाची आली होती, दहा वर्षांची, कपाटासमोर उभी राहिली आणि तिने 'यातलं घेऊ?' असं विचारलं, तेव्हा मी पटकन संचातलं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. तिने ते घेतलं, पण नजर मागच्या खाकी कव्हरांवरच. "ती कुणाची आहेत?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. तिने दोन दिवसांत तीन पुस्तकं संपवली आणि ट्टॉक तिला पहिल्या झटक्यात जमलं. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच.

सध्या मी वेगळ्याच उद्योगात आहे. इथल्याच एका वाचनालयाने बालविभागातली जुनी पुस्तकं निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायची, ठरवलीत. मी जाऊन ग्रंथपाल मॅडमना भेटले आणि आधीच सांगून टाकलं, की काहीही करा, पण शिक्के खरवडू नका, चिठ्ठ्या काढू नका. त्या म्हणाल्या, खरवडायचं कशाला, उलट प्रत्येकावर 'निर्लेखित' असा आणखी एक शिक्का मारावा लागतो. मी म्हटलं, उत्तमच. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग समजावून सांगितलं, की पुस्तकं अशी निवडून कुणाला देता येत नाहीत. कार्यकारिणीचा ठराव होणार, दाखल क्रमांकानुसार यादी होणार, मग दर मागवणार, आणि जो जास्त दर देईल त्याला सगळा माल वजनाने. मी विचारलं, मी दर देऊ शकते का? "द्या की. पण सगळं कपाट उचलावं लागेल. त्यात विज्ञानाचे प्रयोग आहेत, संस्कारकथा आहेत, सत्तर सालच्या सामान्यज्ञानाच्या डझनभर प्रती आहेत. फेणे किती निघतील, मी सांगू शकत नाही." कपाटाची उंची मी वितीने मोजून आले आहे. दरपत्रक बंद पाकिटात द्यायचं आहे, आणि किलोला किती लिहावं यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.